पाणी आजारी आहे

माझ्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याला खेटून, एका वर्षी पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तलावाचं पाणी मुक्कामाला होतं. लोणच्याची काचेची बरणी, पाऊण भरलेली. तिच्यावर चौकोनी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर निळ्या शाईत ठसठशीत अक्षर : 'आंबेखोल तलाव. बांधाकडची बाजू. रविवार सकाळ. सरांनी पिऊ नये.' पहिल्या तीन नोंदी जगासाठी होत्या, शेवटची खास माझ्यासाठी. मी मराठीचा शिक्षक. विज्ञानाच्या बाबतीत माझ्या हातून काहीही होऊ शकतं, असं विमलताईंचं ठाम मत होतं.

विमल तांबे आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होत्या. महाडहून पोलादपूरकडे जाताना, औद्योगिक वसाहतीच्या शिफ्टच्या बसेस जिथे थांबतात त्या फाट्यावर आमची शाळा. मुलं त्यांना मावशी म्हणत, मी विमलताई म्हणे, आणि त्या मला 'सर' म्हणत. पण त्या 'सर'मध्ये आदर किती आणि कीव किती, हे वीस वर्षांत मला उमगलं नाही. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. झोपेत, हृदय थांबून. तलावाचा त्यात काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. चुकीची चिठ्ठी त्यांना खपली नसती.

चिठ्ठी हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. ठेंगणा बांधा, पदर कमरेला खोचलेला, चष्मा सुती दोऱ्याने गळ्यात आणि अंबाड्यात खोचलेलं पेन. कुठेही बिननावाची बाटली, डबा, पुडी दिसली की पेन बाहेर यायचं. डिंक संपला असेल तर जेवणाच्या डब्यातल्या भाताच्या शिताने चिठ्ठी चिकटवायच्या. शाळेच्या माठावर 'पाणी. पिण्याचे. आजचे.' अशी चिठ्ठी असे आणि ती रोज सकाळी बदलली जाई. 'आजचे' हा शब्द खोडून चालत नाही, चिठ्ठीच नवी लागते, असा नियम. त्यांचं एक वाक्य शाळेतल्या चार-पाच पिढ्यांना पाठ आहे : "चिठ्ठी नाय, म्हणजे बाटली विषाची."

एकदा तपासणीला आलेले मोठे साहेब प्रयोगशाळेत शिरले, हातातली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि कपाटं बघायला लागले. वळून बघतात तो बाटली रिकामी, धुऊन पालथी घातलेली. मुख्याध्यापकांची पाचावर धारण बसली.

"माझं पाणी कुठे गेलं?" साहेब.

"ओतलं," विमलताई म्हणाल्या. "चिठ्ठी नव्हती."

"अहो, पण ते पिण्याचं पाणी होतं!"

"ते तुमाला ठाऊक. टेबलाला ठाऊक नाय."

साहेब भला माणूस असावा. अहवालात त्यांनी प्रयोगशाळेला 'उत्तम' शेरा दिला. मुख्याध्यापकांनी मात्र पुढे आठवडाभर विमलताईंशी बोलणं टाकलं होतं, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

या नोकरीवर त्यांचा नवरा होता. तो अचानक गेला आणि अनुकंपेवर त्या आल्या तेव्हा मुलगा मिलिंद शाळकरी होता, आणि विमलताईंचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षर ओळखत नव्हत्या. कपाटात शंभरेक बाटल्या, सगळ्या इंग्रजीत. मग त्यांनी स्वतःची बाराखडी केली. एच म्हणजे शिडी, एस म्हणजे साप, ओ म्हणजे भाकरी, सी म्हणजे कोयता, एल म्हणजे काठी. गंधकाम्ल म्हणजे 'शिडी-साप-भाकरी'. मिठाचं आम्ल म्हणजे 'शिडी-कोयता-काठी'. पहिल्या वर्षी एकही बाटली चुकली नाही. पुढे रीतसर इंग्रजी शिकल्या, तरी एखाद्या पोराने आम्ल सांडलं की घाबरून तोंडातून शिडी-सापच यायचं. पोरं हसायची, पण हात नळाखाली आधी धरायची.

त्यांचं गाव आंबेखोल, शाळेपासून चार किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याशी. वर मराठ्यांची आणि कुणब्यांची वस्ती, खाली ओढ्यापलीकडे बौद्धवाडी. मधे तलाव. पाटबंधाऱ्याच्या लोकांनी कधीकाळी बांधलेला, गावाचं सगळं त्याच्यावर : धुणी, गुरं, पोरांचं पोहणं. ज्या जुलैत तळीये गावावर डोंगर आला, त्याच पावसात आंबेखोलमध्येही वरची एक दरड तलावात उतरली. माणसं वाचली, पण तलाव उथळ झाला. पुढच्या उन्हाळ्यांत पाणी तापायला लागलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मिलिंद मुंबईला हॉटेलात होता. लॉकडाऊनमध्ये परत आला आणि इथेच राहिला. तलावाकाठी चार तंबू, प्लास्टिकच्या दोन होड्या, लाइफ जॅकेटं आणि खंड्या नावाचा एक उत्साही कुत्रा, एवढ्यावर त्याने पर्यटन सुरू केलं. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी यायची, पाण्यात डुंबायची, विमलताईंच्या हातच्या भाकऱ्या खायची. लाइफ जॅकेटांवर मापाच्या चिठ्ठ्या होत्या, हे सांगायला नको. "आये, वीकेंड फुल्ल पॅक हाय!" असं मिलिंदने फोनवर ओरडून सांगितलं की प्रयोगशाळेत विमलताई चोरून हसायच्या. पोरगा गावात राहिला याचा आनंद त्यांना इतका होता की बोलून दाखवायचीही भीती वाटे.

अशात फेब्रुवारी सरता सरता तलाव हिरवा झाला. साधा हिरवा नव्हे. कुणीतरी ऑइलपेंटचा डबा सांडावा तसा काठाला जाड हिरवा-निळसर थर, आणि कुजकट वास.

आमच्या भागात पाण्याचा रंग बदलला की सगळ्यांची बोटं एकाच दिशेला जातात. 'कंपनीचं पाणी.' वसाहत कुठे, आंबेखोल कुठे. मधे दोन टेकड्या. पण गावाचा निकाल पाच मिनिटांत लागला. अर्ज झाले, घोषणा झाल्या, नमुने घ्यायला माणसं आली, आणि पंधरा दिवसांनी अहवाल आला : कुठलंही औद्योगिक रसायन आढळलं नाही. सरपंचांनी तो चावडीवर मोठ्याने वाचला. गावाने त्याचा एकच अर्थ काढला, पाणी चांगलं आहे. त्याच दुपारी पोरांनी बांधावरून उड्या मारल्या.

"सर, हे कसलं डोकं?" दुसऱ्या दिवशी विमलताई मला विचारत होत्या, जणू मीच उड्या मारल्या होत्या. "त्यांनी घरात चोर शोधला. चोर नव्हता. म्हणून साप पण नाय, असं होतं का?"

मी म्हटलं, "असेल साधं शेवाळ. उकळून घ्या म्हणावं." आणि पेपर तपासायला लागलो. हे वाक्य पुढे त्यांनी मला आयुष्यभर ऐकवलं.

त्या आठवड्यात दोन पोरांच्या अंगावर पुरळ उठलं, एकाला उलट्या झाल्या. खापर फाट्यावरच्या वडापाववर फुटलं. आणि मग शुक्रवारी खंड्या पाण्यात गेला. बाहेर आला तो पोटापर्यंत हिरवा. सवयीप्रमाणे उन्हात बसून त्याने अंग चाटून साफ केलं. तासाभरात त्याचे पाय लटपटायला लागले, तोंडाला फेस आला, आणि मिलिंदच्या मांडीवर तो गेला. मिलिंद सांगत होता, शेवटपर्यंत शेपूट हलवत होता. मला कुत्र्यांचं विशेष प्रेम नाही, पण खंड्या शाळेच्या फाटकाशी येऊन माझ्या पिशवीत नाक घालायचा. मला फार वाईट वाटलं.

विमलताई रडल्या नाहीत. शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतले रबरी हातमोजे घेतले, मला म्हणाल्या, "सर, चला. साक्षीला कुणीतरी लिहिता-वाचता माणूस लागतो." मी निमूटपणे गेलो.

काठावर त्यांनी एक लांब काठी त्या थरात खुपसली आणि बाहेर काढली.

"बघा. शेवाळ असतं तर काठीला केसासारखं गुंडाळून आलं असतं. हाताने पिळता आलं असतं. हे आलं का?"

नव्हतं आलं. काठी मात्र रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी हिरवीगार झाली होती.

"शेवाळ धरता येतं, सर. हे धरता येत नाय."

मग मोजे घालून बरणी पाऊण भरली आणि झाकण सैल लावलं. प्रयोगशाळेचा फ्रिज दोन वर्षं बंद होता, त्यांच्या घरी फ्रिज नव्हता, म्हणून ती बरणी माझ्या दह्याशेजारी आली. रात्रभर हलवायची नाही, असा हुकूम. सकाळी दार उघडलं तर खालचं पाणी नितळ आणि वरती, कडेला धरून, हिरवं कडं.

"गाळ असता तर तळाला बसला असता," विमलताई बरणीसमोर उकिडव्या बसून म्हणाल्या. "हे वर आलं. जिवंत हाय हे. अंगात हवा भरून वर येतंय."

सोमवारी रजा टाकून, बरणी पदराखाली धरून, त्या एसटीने महाडला कॉलेजात गेल्या. कंडक्टरने विचारलं, काढा आहे का. "होय, पण तुमाला नाय," म्हणाल्या. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकबाईंच्या दारात दोन तास बसल्या. बाईंनी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि विमलताईंना बघायला दिलं. वीस वर्षं शाळेतलं तसंच यंत्र त्या पुसून ठेवत आल्या होत्या. त्यातून स्वतःसाठी बघितलं ते पहिल्यांदा.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"माळ तुटून मणी पांगावेत तसं दिसतं, सर. बाई म्हणाल्या, याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात खरं, पण शेवाळच नाय ते. जंतू हाय, शेवाळाचा वेश घेतलेला. पाणी उथळ झालं, तापलं, थांबलं, वरून शेणखत, निर्माल्य, साबण, सगळं आपणच वाढलं. जेवायला बसलं ते."

"म्हणजे कंपनी नाही?"

"नाय. आमीच." त्यांनी चष्मा पदराला पुसला. "आणि बाई म्हणाल्या, दरवेळी ते विषारी असतंच असं नाय. पण नुसत्या डोळ्याने ओळखता येत नाय. म्हणजे काय झालं, सर?"

उत्तर आमच्या पाचवीतल्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

"चिठ्ठी नसलेली बाटली," त्याच म्हणाल्या. "तलावाला चिठ्ठी लावायची हाय. शिमग्याच्या आधी."

शिमगा हा खरा घोर होता. आंबेखोलची रीत अशी, की धुळवड खेळून अख्खं गाव, मुंबईहून आलेले चाकरमानी, सुना, पोरंटोरं, एकदम तलावात उतरतात. तीनेकशे माणसं असतील. लहान पोरं तर नाकातोंडात पाणी जाईपर्यंत डुंबतात. हाताशी दहा दिवस होते. विमलताईंना एवढंच हवं होतं, की त्या दिवशी एकानेही त्या पाण्यात पाय घालू नये.

फळा शाळेतला जुना मिळाला. मजकूर करायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी जरा मन लावूनच लिहिला : 'सूचना : सदर तलावातील पाण्यास कोणीही शिवू नये.' शुद्धलेखन निर्दोष, वाक्य आटोपशीर. विमलताईंनी चष्मा लावला, वाचलं, आणि ब्रश खाली ठेवला.

"सर, हा तालुका कुठला?"

"महाड."

"मग?"

मला अर्धं मिनिट लागलं. मग कान तापले. ज्या महाडात तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली, त्याच महाड तालुक्यात, बौद्धवाडीच्या बाईच्या हातून, मी 'पाण्यास शिवू नये' असं रंगवून घ्यायला निघालो होतो. मी घाटावरचा. माझ्या घरात हा शब्द कुणी कुणाला ऐकवला असेल, तर ऐकवणारे आम्हीच होतो.

"माझ्या आजीला हा शब्द रोज ऐकायला लागायचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "वरच्या आळीच्या पाणवठ्यावर. तुमाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. पाणी कितीबी विषारी असू दे, हा शब्द माझ्या हाताने जाणार नाय."

मी माफी मागितली. 'राहू द्या, खोडरबर हाय' म्हणाल्या आणि ओल्या फडक्याने फळा पुसला. मग तिथेच बसून त्यांनी स्वतः मजकूर सांगितला. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं :

'पाणी आजारी आहे. पोहू नका. धुणी धुऊ नका. गुरं, कुत्री सोडू नका. इथले मासे खाऊ नका. उकळून विष जात नाही. अंगाला लागलं तर लगेच स्वच्छ पाण्याने धुवा, जनावरालाही धुवा, चाटू देऊ नका. खाज, उलटी, जुलाब, धाप : सरळ दवाखाना. पाणी बरं झालं की सांगू. मग सगळे पोहू.'

"पाणी आजारी कसं असेल?" मी उगाच मास्तरकी केली.

"आजाऱ्याचा कुणाला विटाळ होत नाय, सर. त्याला जपतात."

फळा लागला, पण फळ्याने भागणार नव्हतं. ग्रामपंचायतीने विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरीची पोती काढली. तलावात ओतली की झालं. विमलताई पोत्यावर जाऊन बसल्या. "मारलं तर ते फुटतं, आणि पोटातलं विष एकदम पाण्यात सुटतं. बाईंना फोन लावा आणि विचारा." फोन लागला, पोती परत गेली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून आल्या. घरोघर फिरल्या. लोक हसले. 'मावशीला कुत्र्याचं लागलंय' म्हणाले.

सगळ्यांत कठीण गेलं ते घरात. धुळवडीच्या दिवसांत मिलिंदच्या चारही तंबूंचं बुकिंग होतं. त्याने आईला पलीकडच्या काठावर नेलं.

"आये, टेन्शन नको घेऊ. बघ, इकडं एकदम क्लियर हाय. पब्लिकला इकडंच उतरवतो."

विमलताईंनी त्याला दुपारपर्यंत तिथेच बसवून ठेवला. उन्हं कलली, वारा फिरला, आणि हिरवा थर सरकत सरकत त्या स्वच्छ काठाला येऊन लागला. "वारा नेईल तिकडं ते जातं. आता सांग, कुठं उतरवतोस?" मिलिंदने बुकिंग रद्द केली. पण त्या दिवसापासून आईशी बोलला नाही की घरी जेवला नाही. विमलताई शाळेत डबा उघडायच्या आणि तसाच मिटायच्या. एकदा म्हणाल्या, "परत मुंबईला गेला तर, सर?" एवढंच. मग उठून परीक्षानळ्या धुवायला लागल्या. फळा मात्र हलला नाही.

शिमग्याच्या चार दिवस आधी सहाणेपाशी, पालखी टेकवायच्या ओट्याजवळ, गावकीची बैठक होती. तिथे विमलताई उभ्या राहिल्या. मी सोबत होतो, म्हणजे मागे होतो. त्यांनी सगळं परत सांगितलं. गावकीचे मानकरी धोंडूअण्णा, ऐंशीच्या घरातले, मिशीवर हात फिरवत म्हणाले,

"काय गो विमल, शिमग्याची आंघोळ कधी चुकलीय का? रंग अंगावर घेऊन पोरं घरात शिरायची काय? आणि तुमी तर शिमगा खेळत पण नाय."

"नाय खेळत," विमलताई म्हणाल्या. "आंघोळ बंद करा असं मी म्हणतच नाय, अण्णा. आमच्या वाडीत या. आमच्या विहिरीला पाणी हाय."

बौद्धवाडीची ती विहीर कुणी कशासाठी वेगळी खणली होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या पिढीने तिच्या काठावर पाय ठेवला नव्हता.

"म्हंजे आमी तुमच्या विहिरीवर यायचं?" धोंडूअण्णांनी विचारलं.

"तलावात विष हाय, माझ्याकडं पाणी हाय. ठरवा तुमी."

तोडगा सोपा नव्हता, हे खाली वाडीत गेल्यावर कळलं. तिथेही लोक भडकले होते. मार्चअखेर, मे महिना समोर, आणि त्यांच्या शिमग्याला आपलं पाणी? एक तरुण तर तोंडावर म्हणाला, "मावशी, आपल्या आज्यांना यांनी थेंब दिला नव्हता."

"ठाऊक हाय. माझीच आजी ती," विमलताई म्हणाल्या. "पण पाणी मागणाऱ्याला जात विचारायची रीत त्यांची. आपली नव्हे. माणशी दोन बादल्या. मी मोजून देणार. मे महिन्यात कमी पडलं तर माझ्या दारातला हंडा आधी बंद करा."

धुळवडीच्या सकाळी मी आठ वाजताच वाडीत पोचलो. विहिरीशेजारी प्लास्टिकचे दोन पिंप, त्यांच्यावर चिठ्ठ्या : 'विहिरीचे पाणी. आजचे. आंघोळीचे.' आणि मोटरीचा पाइप धरून मिलिंद उभा. आईशी अजून बोलत नव्हता, पण आला होता. तलावाच्या वाटेवर त्याने होड्या आडव्या टाकून ठेवल्या होत्या.

अकरा वाजता वरून ढोल ऐकू यायला लागले. ढोल तलावाच्या वळणावर आले. आणि तिथेच थांबले. त्या दोन-तीन मिनिटांत विमलताईंनी हातातला तांब्या इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. मीही देव आठवले, विमलताईंना देव चालत नसूनही.

पहिल्यांदा पोरं आली, पळत. पोरांना पाणी म्हणजे पाणी. मग चाकरमानी, सेल्फी काढत. मग काही सुना, जरा अवघडून. सगळे आले असं नाही. काही घरी गेले, काही गाड्या काढून नदीवर. पण तलावात कुणी गेलं नाही. विमलताई प्रत्येकाला बादली भरून देत होत्या, मोठ्याने मोजत होत्या, तिसरी मागणाऱ्याला हाकलत होत्या.

धोंडूअण्णा पलीकडे आंब्याखाली उभे होते. मिशीत रंग वाळलेला, कपाळावर घामाचे ओघळ. तासभर तसेच उभे. गर्दी ओसरली तशी काठी टेकत आले आणि धुण्याच्या दगडावर बसून त्यांनी डोळे मिटले.

"वत गो," म्हणाले.

विमलताईंनी तांब्या भरून त्यांच्या डोक्यावर ओतला. मग दुसरा. मग बादलीतलं सगळं. विहिरीभोवती उभ्या असलेल्या वाडीतल्या म्हाताऱ्या बायांकडे मला बघवेना, म्हणून मी मोटरीकडे बघत राहिलो. मिलिंदने पाइप आईच्या हाताजवळ आणला. "आये, बादली भरून घे," म्हणाला. आठवडाभरातलं पहिलं वाक्य.

घरी जाताना मी भारावून काहीतरी बोलायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "अण्णांच्या कानामागे रंग तसाच राहिला, सर. पाण्याचा हिशोब चुकला." आणि मग चालता चालता पदर डोळ्यांना लावला.

मे महिन्यात विहीर तळाला गेली. वाडीत कुरबुर झाली, विमलताई तलावाच्या वरच्या झऱ्यावरून हंडे आणत राहिल्या. वरच्या आळीतून टँकर आला तेव्हा तो आधी वाडीत उतरवा असं धोंडूअण्णांनी सांगितलं, असं ऐकलं. मी पाहिलं नाही.

पावसाने तलाव धुऊन निघाला. पण फळा उतरला नाही. दर रविवारी बरणी माझ्या फ्रिजमध्ये पुन्हा येऊ लागली. हिरवं कडं दिसेनासं झालं, तरी विमलताई थांबल्या. 'थर गेला तरी विष थोडे दिवस राहतं' म्हणून अजून थांबल्या. एक बरणी पुन्हा महाडला जाऊन आली. गुरं धुण्यासाठी तलावाखाली वेगळा डोह ठरला, निर्माल्याला खड्डा. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी बरणीवर नवी चिठ्ठी दिसली : 'आंबेखोल तलाव. पाणी बरे.' 'सरांनी पिऊ नये' हे तरीही होतंच.

फळा उतरवायला पोरं जमली आणि पोरांनी त्यांना शब्दात पकडलं. 'मग सगळे पोहू' असं लिहिलं आहे. सगळे म्हणजे मावशीपण! विमलताईंनी आयुष्यात या तलावात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी वाडीतल्या मुलींना कुणी उतरू दिलं नव्हतं, आणि पुढे वेळ मिळाला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लेखी आहे, इलाज नाही.

मिलिंदने सर्वांत मोठं लाइफ जॅकेट आणलं. लुगड्यावर ते चढवून, चष्मा माझ्याकडे देऊन, त्या त्याचा हात धरून एकेक पाऊल पाण्यात गेल्या. गुडघे, कंबर, छाती. तिथे त्यांनी मिलिंदचा हात सोडला. पुढच्या महिन्यात माझी निवृत्ती होती, मी घाटावर परत गेलो, आणि फोनवर खूपदा बोललो तरी भेट झाली नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्या अजून तशाच आहेत : छातीभर पाण्यात, अंबाड्यात पेन तसंच खोचलेलं.

त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि उन्हात वर धरली, परीक्षानळी धरावी तशी. खूप वेळ बघत राहिल्या. मग ती ओंजळ हळूहळू तोंडाजवळ यायला लागली आणि मी काठावरून जिवाच्या आकांताने ओरडलो, "विमलताई, पिऊ नका!"

त्या वळल्या. हसत होत्या, आणि रडतही होत्या.

"पीत नाय हो सर," म्हणाल्या. "नुसती शिवतेय."